कॅमेऱ्याचा योगक्षेम

योगक्षेम हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे कीं, त्याचे दोन भाग आहेत हें बहुधा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. जें आपल्यापाशीं नाहीं तें मिळविणें म्हणजे योग, आणि जें मिळालें तें राखणें म्हणजे क्षेम, अशी त्याची फोड जुन्या टीकाकारांनीं केली आहे. संसारांत योगाचा समारंभ होतो. क्षेमाचा कधींच होत नाहीं. घरांत नवी वस्तु आली म्हणजे तिला हळदकुंकू लागतें, पेढे वाटले जातात, शेजारीपाजारी ती पाहून जातात. पुढें वीस वर्षें ती वस्तु पुसणारा, झांकणारा, उन्हांत घालणारा आणि पाऊस आला कीं धांवत जाऊन आंत घेणारा जो हात असतो, त्याच्याकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. हा विचार आम्हांस सुचला तो धर्मग्रंथ वाचतांना नव्हे, तर पावसाळ्यांत पाठीवर कॅमेरा घेऊन सह्याद्रींतून हिंडतांना. आणि राखण्याची विद्या मिळविण्याच्या विद्येहून अवघड आहे, असें आमचें मत तेव्हांपासून बनत गेलें आहे.

आतां प्रत्येकाच्या खिशांत फोन असतो व फोनाच्या पाठीवर कॅमेरा असतो. मग हें दीड-दोन किलोंचें लोढणें डोंगरावर कशाला न्यावें, असें आमचे स्नेही आम्हांला नेहमीं विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याला आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्याच्या पाठीवर ओझें असतें त्याला त्याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि हिशेब ठेवणारा मनुष्य थोडें कमी पण अधिक नीट पाहतो. शिवाय दूरच्या कड्यावर बसलेलें गिधाड टिपावयाचें तर मोठ्या भिंगावांचून अद्यापि गत्यंतर नाहीं. तथापि फोनवाल्यांनीं येथेंच वाचन थांबवूं नये. पाणी, धूळ, थंडी आणि बुरशी हे शत्रु यंत्राची किंमत पाहून येत नाहींत.

या चौघांत पाण्याचा मान पहिला. महाबळेश्वरास वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा पावसाला वरून झांकण घातलें कीं काम झालें, असें सपाटीवरच्या माणसास वाटतें. त्यानें एकदां आषाढांत नाणेघाटाच्या तोंडाशीं जाऊन उभें राहावें. कोंकणांतून चढून येणारा वारा कड्यावर आदळून असा उसळतो कीं, खालीं पडूं पाहणारा धबधबा उलटा वर फेंकला जातो, आणि पाऊस जमिनीकडून आभाळाकडे निघाल्यासारखा भासतो. तेथें छत्री म्हणजे वाऱ्याच्या हातीं दिलेलें खेळणें. सॅकवर चढविण्याचें जें रबरी काठाचें आवरण मिळतें तें एकाच बाजूनें शहाणें असतें. पाठीकडचा भाग उघडाच राहतो. मानेवरून उतरलेलें पाणी पट्ट्यांच्या वाटेनें आंत झिरपतें आणि आवरणाच्याच तळाशीं त्याचें डबकें होतें. म्हणून जाणता मनुष्य बाहेरच्या आवरणावर विसंबत नाहीं. तो सॅकच्या आंत अगोदर एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालतो, तींत कपडे व अंथरूण भरतो, मधोमध पाठीच्या लगत कॅमेऱ्याला जागा देतो, आणि त्यालाहि तोंड गुंडाळून बंद करतां येणारी एक निराळी जलरोधक पिशवी चढवितो. कपड्यांची त्याला गादी होते, आणि जड वस्तु पाठीशीं राहिल्यानें चालणाराचा तोल ढळत नाहीं.

या विषयांत कारखानदारांहून आमचा मावळांतील शेतकरी कांकणभर पुढें आहे, असें आम्हांस वाटतें. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यावर पानें बसविलेलें इरलें ज्यानें पाहिलें आहे, त्याला आमचें म्हणणें पटेल. भाताची लावणी करणारी बाई दिवसभर ओणवी असते. तिला छत्री चालत नाहीं, कारण तिचे दोन्ही हात चिखलांत असतात. इरलें डोक्यावरून पाठीवर उतरतें, शरीराबरोबर वांकतें, वाऱ्याकडे पाठ केली कीं पुरें होतें, आणि हात सर्वस्वीं मोकळे ठेवतें. आज पानांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं प्लास्टिकचा कागद आला आहे, पण घाट तोच आहे. कॅमेऱ्यावर घालावयाचें कोणतेंहि आच्छादन विकत घेतांना आम्ही याच कसोटीवर घांसून पाहतों: हें घातल्यावर हात काम करूं शकतात काय? जें आच्छादन काढल्यावांचून चित्र घेतां येत नाहीं, तें ऐन पावसांत काढलें जातेंच, आणि मग तें असून नसून सारखेंच.

दुकानदार या ठिकाणीं हंसून सांगतो कीं, यंत्राला मुळांतच पाण्यापासून संरक्षण आहे. या संरक्षणाच्या पायऱ्या आहेत, आणि त्या समजून घेतल्या पाहिजेत. फोनांवर 'आयपी ६७' असा जो शिक्का असतो, त्यांतील पहिला आंकडा धुळीचा व दुसरा पाण्याचा. सात याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास, आणि तोहि प्रयोगशाळेंतील गोड्या, स्वच्छ पाण्यांत. मुरूड-हर्णैच्या किनाऱ्यावरचें खारें पाणी त्या परीक्षेला बसलेलें नसतें. मोठ्या कॅमेऱ्यांपैकीं बहुतेकांवर असा आंकडाच नसतो. 'हवामानापासून संरक्षित' एवढेंच मोघम आश्वासन असतें. सांध्यांतून बसविलेल्या रबराच्या कड्या वयाप्रमाणें कडक होतात, आणि कंपनीचें हमीपत्र बारकाईनें वाचलें तर पाण्यानें झालेली हानि त्यांतून बहुधा वगळलेली आढळते. इतकें करूनहि यंत्र भिजलेंच, तर तें चालूं होतें कीं नाहीं हें पाहण्याचा मोह आवरावा. तो मोहच अनेकदां घात करतो. वीजघट काढावा, कार्ड काढावें, भिंग उतरवावें, पाणी टिपून घ्यावें आणि सारें वाऱ्यावर ठेवावें. घरोघर यंत्राला तांदळाच्या डब्यांत पुरण्याचा जो उपचार चालतो, त्याचा गुण कोणास आला असेल तर तो वाऱ्याचा व धीराचा. कच्चा तांदूळ कांहीं मोठा शोषक नव्हे. उलट त्याची पिठूळ भुकटी यंत्राच्या सांध्यांत शिरते.

परंतु पाऊस हा निदान उघड शत्रु आहे. तो सांगून येतो. दुसरें पाणी असें असतें कीं, तें कोठून आलें हेंच कळत नाहीं. उन्हाळ्यांत माठांतलें गार पाणी तांब्यांत ओतलें म्हणजे तांब्याला बाहेरून घाम फुटतो, हें लहान मूलहि पाहतें. तो घाम तांब्याचा नसून हवेचा असतो, एवढें शाळेंत शिकवितात. आणि शाळा सुटतांच आपण तें विसरतों. हवा २८ अंश उष्ण असून तिची आर्द्रता ९० टक्के असेल, तर सुमारें २६ अंशांहून थंड अशा कोणत्याहि वस्तूवर दंव धरतें. रात्रभर वातानुकूलित खोलींत अथवा गाडींत राहिलेला कॅमेरा बाहेर काढावा, तर डोळ्यांदेखत भिंगावर पडदा चढतो. आणि बाहेरचा पडदा पुसतां येतो, आंतला येत नाहीं. उपाय फार साधा आहे व त्याला पैसा लागत नाहीं. कॅमेरा पिशवींत बंदच ठेवावा, आणि पिशवीसकट त्याला बाहेरच्या हवेची ऊब येईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावें. हिमालयांत हाच न्याय उलट दिशेनें लागतो. तेथें बर्फांतून उबदार खोलींत येण्यापूर्वीं कॅमेरा बाहेरच्या कोरड्या हवेंतच पिशवींत घालून तोंड बंद करावें, म्हणजे दंव पिशवीवर धरतें, यंत्रावर धरत नाहीं. थंडींत लिथियमचे वीजघट मरगळतात. ते मेले असें समजून टाकून देऊं नयेत. आंतल्या खिशांत अंगाची ऊब मिळाली कीं त्यांतील बराचसा जीव परत येतो.

धुळीविषयीं फार लिहावयास नको. वाळूंतील गारेचे कण कांचेहून कठीण असतात, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे उपरण्याच्या टोंकानें भिंग पुसण्याची इच्छा आपोआप मावळते. प्रथम रबरी फुग्यानें फुंकर, मग मऊ कुंचला, आणि अगदीं शेवटीं कापड, असा क्रम आहे. तोंडानें फुंकर घालूं नये. तींत थुंकीचे तुषार असतात. भिंग बदलावयाचेंच झालें तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचें तोंड खालीं धरून बदलावें.

चौथा शत्रु मात्र डोंगरावर भेटत नाहीं. तो घरीं वाट पाहत असतो. सहलीहून परतलेला मनुष्य स्वतः गरम पाण्यानें स्नान करतो, आणि कॅमेरा ओलसर पिशवीसकट कपाटांत ठेवून देतो. पुढची सहल तीन महिन्यांनीं. काळोख, कोंडलेली हवा, आणि ६०-७० टक्क्यांवर रेंगाळणारी आर्द्रता, एवढें मिळालें कीं बुरशीला दुसरें कांहीं नको. आणि मुंबईत व कोंकणांत पावसाळ्यांत आर्द्रता ८० च्या खालीं क्वचितच उतरते. भिंगाच्या पोटांत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे पसरतात. हे धागे नुसते दिसावयास वाईट नसतात. त्यांतून स्रवणारीं आम्लें कांचेवरच्या नाजूक लेपाला खातात, आणि मग कारागिरानें बुरशी काढली तरी तिचा वण राहतो. चामड्याचें देखणें वेष्टण तर ओल धरून ठेवण्यांत पटाईत असतें. ज्या घरांतील वडील माणसांनीं पापड, कुरडया आणि लोणच्याच्या बरण्या चार-चार महिने पावसाळ्यांतून सुखरूप नेल्या, त्या घरांत ही विद्या नव्यानें शिकविण्याची गरज पडूं नये. घट्ट झांकणाचा डबा, आंत सिलिका जेल, आणि आंतील ओल दाखविणारें एक लहानसें मापक, एवढ्यावर काम भागतें. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकें पाणी शोषूं शकतें. त्याचे नारिंगी खडे हिरवे झाले, किंवा निळे गुलाबी झाले, कीं पोट भरलें असें समजावें आणि त्यांना पुन्हां तापवून कोरडें करावें. याहूनहि उत्तम उपाय म्हणजे यंत्र वापरणें. चालत्या घरांत जाळीं धरत नाहींत, तसेंच हातांतल्या भिंगांत बुरशी सहसा धरत नाहीं.

हें सर्व वाचून एकाद्याला वाटेल कीं, चित्रें घेण्याचा छंद म्हणजे एक प्रकारची राखणदारीच झाली. त्यानें मागच्या पिढ्यांकडे पाहावें. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज १८६३ सालीं हिंदुस्थानांत आला आणि पुढच्या तीन वर्षांत हिमालयांत तीन मोठे प्रवास करून त्यानें चित्रें घेतलीं. त्या काळीं कांचेवर रसायनाचा लेप द्यावयाचा, तो ओला आहे तोंच चित्र घ्यावयाचें, आणि वाळण्यापूर्वीं काळोख्या तंबूंत शिरून तें प्रकट करावयाचें, अशी रीत होती. कांचा, बाटल्या, तंबू आणि शिधा वाहावयास त्याच्याबरोबर पुष्कळ हमाल असत. ते कांचेचे तक्ते खिंडींतून ज्यांनीं पाठीवर सांभाळून उतरविले, त्यांचीं नांवें चित्रांखालीं नाहींत. योग बोर्नचा, क्षेम त्यांचा.

फ्रँक हर्लीची गोष्ट याहून करुण आहे. शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेचा तो छायाचित्रकार. १९१५ सालीं त्यांचें 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फांत चेंगरलें, तेव्हां हर्लीनें त्या फुटक्या जहाजांतील बर्फगार पाण्यांत शिरून कांचेच्या चित्रांचे झाळलेले डबे बाहेर काढले. परंतु पुढचा प्रवास होड्यांचा होता आणि ओझ्याला मर्यादा होती. मग तो व शॅकल्टन बर्फावर बसले आणि एक एक कांच उचलून पाहूं लागले. सुमारें १२० ठेवल्या. सुमारें ४०० तेथेंच फोडून टाकल्या. फोडल्या अशासाठीं कीं, मागें वळून त्या नेण्याचा मोह पुन्हां होऊं नये. आणि ज्यांच्या हातून कांहींच राखलें जाणें शक्य नव्हतें, त्यांचेंहि कधीं कधीं निसर्ग राखतो. आंद्रे नांवाचा स्वीडिश गृहस्थ १८९७ सालीं दोन सोबत्यांसह फुग्यांतून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तिघेहि परत आले नाहींत. १९३० सालीं एका ओसाड बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष व फिल्मा सांपडल्या. तेहतीस वर्षें बर्फांत पडलेल्या त्या फिल्मांतून ९३ चित्रें प्रकट करतां आलीं. बर्फावर कोसळलेला फुगा आणि त्याकडे पाहत उभे असलेले दोघे, हें त्यांतील एक चित्र ज्यानें पाहिलें आहे, तो तें विसरणार नाहीं. चित्र घेणाऱ्या हाताला तें स्वतः पाहण्याचें भाग्य लाभलें नाहीं. परंतु चित्र पोंचलें.

या गोष्टी आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितल्या आहेत. त्यांचा अर्थ मात्र आम्हांला एका ओढ्याच्या काठीं नीट कळला. दोन वर्षांमागें श्रावणांत आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची एक टोळी हरिश्चंद्रगडावरून पाचनईच्या वाटेनें उतरत होती. वाटाड्या गांवातलाच, साठीच्या घरांतला. मुलें त्याला मामा म्हणत. वाटेंतला ओढा सकाळीं घोट्याएवढा होता, तो दुपारच्या सरीनें गुडघ्यावर आला होता. मामांनीं दोर बांधला आणि एकेकास पलीकडे नेण्यास आरंभ केला. आम्ही पलीकडच्या काठावर उभे होतों. एक विद्यार्थी मधल्या खडकापर्यंत पोंचला. त्याचा एक हात दोरावर होता, आणि दुसऱ्या हातानें त्यानें कॅमेरा डोक्यावर उंच धरला होता. तोंच त्याच्या मागून येणारी मुलगी शेवाळावरून घसरली आणि दोराखालीं गेली. मुलानें दोर सोडून तिचा हात धरला, पण एका हातानें तिला वर ओढण्याचें बळ त्याला पुरेना. मामा ओरडले, "टाक ती पेटी, पोरा! दोन्ही हात दे!"

त्यानें कॅमेरा खडकावर टाकला आणि दोन्ही हात दिले. मुलगी वर आली. कॅमेरा खडकावरून घरंगळला आणि पाण्यांत गेला. मामांनींच तो पुढें हातभर अंतरावर दोन दगडांच्या बेचक्यांतून काढला. वीजघट काढणें, टिपणें, वाळविणें हें सारें यथासांग झालें. पण शहरांतल्या कारागिरानें आठ दिवसांनीं मान हलविली. कॅमेरा मुलाचा नव्हता, त्याच्या मामाकडून मागून आणलेला होता. तो परत करावयास जातांना मुलाचे पाय जड झाले होते. त्याचा मामा सर्व ऐकून घेऊन म्हणाला, "पोरगी बरी आहे ना? मग झालं." आणि कार्ड घरच्या यंत्रांत घातलें, तेव्हां त्यावरचें एकूण एक चित्र शाबूत होतें.

तेव्हांपासून सहलीला निघतांना आम्ही मुलांना जो क्रम सांगतों तो असा: आधीं माणूस, मग चित्र, आणि शेवटीं यंत्र. हा क्रम ऐकावयास इतका सोपा आहे कीं, तो सांगावा लागतो याचेंच नवल वाटावें. परंतु ज्या वस्तूला आपण दिवसभर जिवापाड जपतों, ती हातून टाकण्यास हात तयार नसतो; जपण्याची संवयच त्याला आड येते. म्हणून ओढा आला, कडा आला, कीं कॅमेरा पिशवींत गेला पाहिजे आणि दोन्ही हात रिकामे झाले पाहिजेत. वर आम्हीं जें जें आच्छादनांविषयीं लिहिलें, त्याचा खरा उपयोग हाच. कॅमेरा नीट बंद झाला म्हणजे मनुष्य मोकळा होतो. यंत्राचा विमा उतरवितां येतो, चित्रांच्या प्रती काढून दोन-तीन ठिकाणीं ठेवतां येतात. तिसऱ्या गोष्टीला असा कोणताहि उपाय अद्यापि निघालेला नाहीं.

राहिली चित्रांची गोष्ट. नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राजकुळाच्या मूर्तींची एक रांग होती. दोन हजार वर्षांत त्या मूर्ति नाहींशा झाल्या. पण त्यांच्या वर ब्राह्मी लिपींत कोरलेलीं नांवें राहिलीं आहेत, आणि त्या नांवांवरून येथें कोण उभें होतें हें आपणांस कळतें. आमच्या घरांत नेमकें उलट झालेलें असतें. जुन्या पेटींतून चित्रें निघतात. पगड्या, नथी, बाळलेणीं, सारें स्पष्ट दिसतें. फक्त तीं माणसें कोण हें सांगणारें कोणी उरलेलें नसतें. डबा, जेल, जलरोधक पिशवी हें सर्व करून चित्र टिकविलें आणि त्याला नांव दिलें नाहीं, तर आपण एक अनोळखी माणूस तेवढा टिकविला. सहलीहून परतल्यावर कॅमेरा पुसून डब्यांत ठेवण्यास दहा मिनिटें लागतात. आणखी दहा मिनिटें बसून प्रत्येक चित्राला स्थळ, दिवस आणि माणसांचीं नांवें लिहावीं. आणि त्या नांवांत वाटाड्याचें नांव विसरूं नये.